बुरैद्याची थंडी आणि हजेरीचं मशीन

कॅम्पपासून खजुराच्या कारखान्यापर्यंत सायकलनं सोळा मिनिटं लागतात. डिसेंबर-जानेवारीत पाचव्या मिनिटाला बोटं दुखायला लागतात, नवव्या मिनिटाला दुखायची थांबतात, आणि त्यानंतर ब्रेक दाबला जातोय की नाही हे हाताकडे बघून ठरवावं लागतं. सौदीतल्या या बुरैद्यात पहाटे पारा दोन-तीनवर येतो. रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा, त्यामुळे वारा सरळ हँडलवरच्या मुठींवर येतो.

कंपनीची बस आहे. पण ती आम्हाला घेऊन मग आणखी दोन कॅम्पांवर फिरते आणि त्यासाठी पाऊण तास लवकर उठावं लागतं. म्हणून आम्ही तिघांनी जुन्या सायकली घेतल्या. मी स्टोअरकीपर, चिपळूणकडचा. दुसरा फिटर, कराडजवळच्या खेड्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिसरा इलेक्ट्रिशियन, संगमेश्वरचा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. तिघांची खोली एकच.

हात गरम ठेवण्याचे उपाय मी दोन हिवाळे एका वहीत लिहून ठेवले आहेत. स्टोअरमधले सुती हातमोजे: वारा आरपार जातो. रबरी हातमोजे: आत घाम येतो आणि तोच घाम पुढे गार होतो. सुतीवर रबरी: बरं, पण दहा मिनिटांपुरतं. हातांवर पायमोजे: ब्रेक निसटतो, चौकातल्या पिकअपवाल्यानं हॉर्न देऊन शिव्या दिल्या, बंद. एक हात खिशात, एक हँडलवर, आणि दर तिसऱ्या खांबाला बदल: चालतं, पण सायकल वाकडी जाते. खिशात गरम उकडलेले बटाटे: उत्तम, पण फिटर कारखान्यात पोचण्याआधीच खातो. हँडलवर फाटक्या ब्लँकेटच्या पिशव्या शिवून बसवल्या, त्यात मूठ घालायची. हँडलवरच्या उपायांत हा सगळ्यात चांगला. त्या पिशव्या इलेक्ट्रिशियननं शिवल्या आणि आभार मानले तर "हं" म्हणाला.

थंडीपेक्षा भेगा वाईट. बोटांची टोकं फुटतात आणि हजेरीचं मशीन फुटलेलं बोट घेत नाही. गेटवर काचेवर बोट ठेवायचं. तीनदा नाकारलं की मशीन तो नंबर त्या सकाळपुरता बंद करतं. मग शेजारच्या केबिनमधला टाइमकीपर वहीत नाव लिहितो, माणूस आत जातो, काम करतो, पण कागदावर ती चुकलेली हजेरी धरली जाते. हंगामात अशा चार झाल्या की रजेचा अर्ज यादीच्या तळाला जातो. नियम भिंतीवर अरबी, इंग्रजी आणि हिंदीत लावलेला आहे. मी तो पहिल्याच दिवशी उतरवून घेतला होता.

गेल्या हिवाळ्यात फिटरची रजा अडकायची वेळ आली. त्याच्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी ठरलं होतं. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, दीर नाही, मुलं शाळकरी. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सही करायला आणि जवळ थांबायला नवरा पाहिजे, आणि तारीख पुढे ढकलू नका. तो रोज हजेरी लावून त्या तारखेकडे सरकत होता. जानेवारी उजाडला तेव्हा त्याच्या तीन हजेऱ्या चुकलेल्या होत्या.

"आवो दादा, माझंच बोट ह्या मशीनला का आवडंना झालंय?" तो म्हणायचा. "तुमचं लगेच घेतंय. ह्याचं बी घेतंय. मी काय सुनेसारखा वागतोय का मशीनशी?"

हा प्रश्न मीही डिसेंबरातच स्वतःला विचारला होता, आणि मला सवय आहे तसा कागदावर विचारला. वहीत नवं पान केलं. तारीख, तापमान, कुणाचं बोट कितव्यांदा घेतलं, केबिनमध्ये कोण. आम्ही तिघं रोज एकत्र पोचायचो. मी पुढे, कारण स्टोअर मला उघडायचं असतं. माझ्यामागे फिटर, त्याच्यामागे इलेक्ट्रिशियन. दहा मिनिटांनी बस यायची आणि साठ माणसं उतरायची.

आधी मला थंडीचा संशय होता. म्हणून एक आठवडा मी थर्मासमधून चहा नेला आणि गेटबाहेर फिटरला गरम पेला दोन्ही हातांत धरायला लावला. बोट लाल होईपर्यंत. तरी मशीननं दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतलं. मग भेगांचा संशय. त्याची बोटं मी खिडकीच्या उजेडात तपासली. भेगा होत्या, पण इलेक्ट्रिशियनच्या त्याहून जास्त होत्या आणि त्याचं बोट पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला लागत होतं. दोन्ही कारणं मी खोडली.

उरला टाइमकीपर.

हा केरळचा, पंचावन्नच्या आसपासचा, वीस वर्षं सौदीत काढलेला, अरबी लिहिता-वाचता येणारा. त्याचा माझ्यावर राग असायला कारण होतं. नोव्हेंबरात त्यानं केबिनसाठी स्टोअरमधून हीटर मागितला होता. मागणीपत्र नव्हतं. मी दिला नाही. तो हसून म्हणाला होता, "ठीक है स्टोर भाई, आपका कानून." हसून बोललेलं मी विसरत नाही. पुढच्याच आठवड्यात फिटरची पहिली हजेरी चुकली.

पंधरा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर मला जे दिसलं ते असं. फिटरचं बोट सकाळीच नाकारलं जातं, संध्याकाळी बाहेर पडताना कधीच नाही. सकाळी केबिनमध्ये हाच माणूस असतो, संध्याकाळी दुसरा असतो. आणि बसमधून येणाऱ्या साठ जणांत, ज्यांत निम्मे त्याच्या गावाकडचे, एकाचीही हजेरी चुकलेली नाही. एकाचीही नाही. हे मी लाल शाईनं लिहिलं.

खोलीत दोघांना वाचून दाखवलं.

"म्हणजे त्यो मुद्दाम करतोय?" फिटर पोळी हातात धरून बघत राहिला. "माझ्यासंगं त्याचं काय वाकडं आहे? मी तर रोज सलाम करतो."

"तुझ्याशी नाही. माझ्याशी आहे. माझा नंबर अडवला तर मी वर तक्रार करीन हे त्याला माहीत आहे. म्हणून तुझा अडवतो."

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मशीन आतून अडवता येत नाही. केबिनमध्ये त्याची वायरच जात नाही."

"मग बाहेरून अडवत असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हजेरी लावून मी आत गेल्यासारखं केलं आणि पाण्याच्या टाकीमागे थांबलो. हात ब्लँकेटच्या पिशवीतून काढल्यापासून गार पडायला लागले होते, पण थांबलो. दोघं आत गेले. टाइमकीपर केबिनमधून बाहेर आला. खिशातून पिवळं कापड काढलं, मशीनवर वाकला, काहीतरी चोळलं, इकडेतिकडे पाहिलं. मग कापड नाकाशी नेलं आणि वास घेतला. पुन्हा चोळलं. तेवढ्यात बसचे दिवे दिसले आणि तो आत गेला.

मी वहीत लिहिलं: कापडावर रसायन असावं. आमच्याआधी लावत असणार, आमच्यानंतर पुसून टाकतो, म्हणजे बसवाल्यांना त्रास होत नाही. चार दिवस पाहिलं, चारही दिवस तेच. एकदा तर त्यानं आम्हाला तोंडावर सांगितलं, "हाथ पोंछ के लगाओ भाई." जणू आम्ही शेणात हात घालून येतो. मी त्याच्याकडे बघत बघत हातमोज्याच्या आतल्या बाजूला बोट पुसलं आणि काचेवर ठेवलं. माझं घेतलं. फिटरनंही आपलं बोट शर्टाला पुसलं. दोनदा नाकारलं. मी नोंद केली: मंगळवार, टोमणा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कडाका वाढला. एका सकाळी फिटरचं बोट तीनदा नाकारलं गेलं. मशीननं लाल दिवा दाखवला. त्याला माहीत होतं, ही चौथी. तो बाजूला झाला नाही, तसाच बोट काचेवर दाबून उभा राहिला. इलेक्ट्रिशियननं त्याच्या खांद्याला धरून त्याला सरकवलं. टाइमकीपरनं वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि नाव लिहायच्या आधी थोडा वेळ थांबला. ते थांबणंही मला नाटकी वाटलं.

"आता कसं करायचं दादा?" फिटर सायकल लावता लावता म्हणाला. "तिला काय सांगू? मशीननं नाय म्हटलं?"

"काही सांगू नको. आज निकाल लावतो."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मी फिटरला ऑफिसात नेलं. रजेचे कागद बघणारा सुदानी कारकून शांत माणूस, इतकी वर्षं आमच्या लोकांत काढून हिंदी बोलतो. मी टेबलावर पानं पसरली आणि क्रमानं सांगितलं: सकाळ-संध्याकाळचा फरक, बसवाल्यांचा आकडा, कापड, वास, टोमणा. हीटरचंही सांगितलं, कारण हेतू दाखवायला हवा. त्यानं सगळं ऐकलं आणि फोन करून टाइमकीपरला बोलावलं.

तो आला. कारकुनानं त्याला माझी तक्रार अरबीत सांगितली. मध्ये एकदा तो "हीटर?" एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"स्टोर भाई, हाथ दिखाओ."

"कशाला?" मी मराठीतच म्हणालो. पण हात पुढे केला. त्यानं माझं बोट धरलं नाही, वाकून नुसता वास घेतला. मग खिशातल्या माझ्या हातमोज्यांकडे बोट दाखवलं. मी काढून दिले. आतला सुती हातमोजा त्यानं उलटा केला. बोटांच्या जागी कापड पिवळट आणि पारदर्शक झालेलं होतं.

"नारियल," तो म्हणाला. "मेरे घर में भी यही है."

हे टेबलावर पसरलेल्या पानांत नव्हतं. हिवाळ्याच्या उपायांच्या पानावर होतं, हजेरीच्या पानावर नव्हतं. बायको दर खेपेला गावच्या घाण्याचं खोबरेल पाठवते. थंडीत ते बाटलीत गोठून पांढरं होतं. मी पहाटे चमच्याच्या दांड्यानं खडा काढतो, तळहातांवर चोळून विरघळवतो, बोटांच्या टोकांना जास्त लावतो, वर सुती, वर रबरी. भेगा बुजतात, ऊब टिकते, सोळा मिनिटं हात जागे राहतात. माझ्या यादीतला हाच एक उपाय मी पूर्ण गुणांचा धरला होता. त्या दोघांनाही सांगितला होता. फिटर म्हणाला होता, "डोक्याचं तेल हाताला लावून मी काय कुस्ती खेळायला चाललोय?" इलेक्ट्रिशियननं मान हलवली होती. लावत होतो मी एकटा.

टाइमकीपर आम्हाला गेटवर घेऊन गेला. काच पुसली. मला बोट ठेवायला सांगितलं. मशीननं घेतलं. मग काच तिरपी बघायला सांगितली. उन्हात त्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटलेला दिसत होता, रेषा न रेषा. फिटरनं त्यावर आपलं बोट ठेवलं. नाही. पुन्हा नाही. टाइमकीपरनं पिवळ्या कापडानं काच पुसली. फिटरनं ठेवलं. घेतलं.

संध्याकाळचं का चुकत नाही ते वेगळं सांगायला नको. दिवसभर काम करून साबणानं हात धुऊन आम्ही बाहेर पडतो. इलेक्ट्रिशियनचं का चुकत नाही तेही कळलं. फिटरनं तीनदा दाबून, घासून काच त्याच्यासाठी साफ केलेली असायची.

"दो महीने से पोंछ रहा हूँ," टाइमकीपर म्हणाला. "तुम तीन एक साथ आते हो. मुझे क्या मालूम किसका तेल. मैंने बोला भी था."

बोलला होता. माझ्याकडे मंगळवारची नोंद होती.

फिटर माझ्याकडे बघत नव्हता. काचेकडे बघत होता. "दादा, म्हणजे चारही बार तुमचंच तेल?" त्यानं हळूच विचारलं. मी हो म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "आन् मी त्या माणसाला शिव्या देत होतो."

परत ऑफिसात आलो तेव्हा मला वाटत होतं, आता कारण कळलं, चार नोंदी खोडतील, संपलं. कारकून म्हणाला, खोडता येतात, पण कुणीतरी लेखी जबाबदारी घ्यायला हवी. काच घाण झाली ती कुणामुळे, हे कागदावर आलं पाहिजे आणि ज्याचं नाव येईल त्याला ताकीद मिळेल. मुदीर साहेब, म्हणजे मॅनेजर, संध्याकाळी निघतील, त्याआधी. नाहीतर पुढचे दहा दिवस ते रियाधला आहेत. फिटरचं विमान नवव्या दिवसाचं ठरलेलं होतं.

त्यानं तिथंच टाइप केलं. पाव पानाचा मजकूर, सगळा अरबीत, खाली माझ्या सहीची जागा.

या देशात मी एक नियम पाळत आलो आहे. वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही. पहिल्या वर्षी माझ्या खोलीतल्या एकानं अशी एक सही केली आणि नंतर कळलं की त्यानं स्वतःच्या हातानं बदलीला होकार दिला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कागद शहरातल्या टायपिंगच्या दुकानात वाचून घेतो, मगच पेन काढतो. आत्ता शहरात जायला वेळ नव्हता. कारकून दुसऱ्या फाइली घेऊन मुदीरच्या खोलीत गेला होता. अरबी वाचणारा खोलीत एकच माणूस होता, टाइमकीपर, आणि त्याच्याविरुद्धची माझी चार पानी तक्रार अजून टेबलावर उघडी पडलेली होती.

"पढ़ूँ?" त्यानं विचारलं.

मी वही घेतली. "एकेक ओळ. मी लिहून घेणार."

"लिखो."

तो वाचत गेला, हिंदीत सांगत गेला, मी उतरवत गेलो. मी अमुक, स्टोअरकीपर. माझ्या हाताच्या तेलामुळे यंत्राची काच खराब होत होती. त्यामुळे या कामगाराच्या चार हजेऱ्या चुकल्या. यात त्या कामगाराचा दोष नाही. पुन्हा असं झाल्यास कारवाई मला मान्य आहे. पाच ओळी झाल्या. मी कागदावरच्या ओळी मोजल्या. सात होत्या.

"बाकीच्या दोन?"

"वो ऑफिस का है. नीचे का. तुम्हारा नहीं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता. त्या दोन ओळींत काय असेल याची मी मनात यादी केली: बदली, बढती रोखणं, हीटर. फिटर दाराशी उभा होता. त्यानं मला एकदाही सही करा म्हटलं नाही. तो म्हणाला असता तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं. मी मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, म्हणजे निदान पुरावा राहील, आणि सही केली. पेन बोटांतून निसटत होतं. तेल अजून होतं.

संध्याकाळी रजा मंजूर झाली.

पुढच्या शुक्रवारी सुट्टीला मी तो फोटो घेऊन टायपिंगच्या दुकानात गेलो. तिथला हैदराबादी माणूस मला ओळखतो. त्यानं चष्मा लावून वाचलं. पाच ओळी माझ्या वहीतल्या पाच ओळींशी शब्दाला शब्द जुळल्या. मग त्यानं खालच्या दोन वाचल्या. टाइमकीपरनं दोन महिने ही गोष्ट पाहूनही वर कळवली नाही, म्हणून त्यालाही ताकीद देण्यात येत आहे. ती त्यानं मान्य केली आहे.

"किसने पढ़ के सुनाया था आपको?" दुकानदारानं विचारलं.

"त्याच माणसानं," मी म्हणालो.

या दोन ओळी त्यानं का वाचल्या नाहीत हे मी त्याला विचारलेलं नाही. लाज वाटली असेल. मला कमीपणा येऊ नये म्हणून असेल. किंवा ते खरंच माझ्या कामाचं नव्हतं. तीनही शक्यता मी लिहून ठेवल्या आहेत आणि एकही खोडता येत नाही. सकाळी मी आता तिघांत शेवटी बोट लावतो, आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन. ते पाणी बाटलीत नेतो आणि ते बर्फासारखं असतं. टाइमकीपर मला सलाम करतो, मी करतो. तो हसला की मी अजून थोडा थांबून बघतो.

फिटर वेळेवर पोचला. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी स्टोअरमध्ये होतो.

"झालं दादा. शुद्धीवर आलीय. पाणी मागतीय."

"बरं झालं. कागदपत्रं सगळी नीट?"

"सही घेतली त्यांनी चार ठिकाणी. इंग्रजीत होतं सगळं."

"वाचून घेतलंस ना कुणाकडून?"

मागे दवाखान्याचा आवाज येत होता, कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"दादा," तो म्हणाला, "तिला आत न्यायला निघाले होते. मी म्हटलं, कुठं करू सांगा."